नाव राणीचे, काम सुनेचे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या कार्यक्रमात कुणी नवी पाककृती सांगते, कुणी चारधामच्या यात्रेची हकीकत सांगते, कुणी डॉक्टरीणबाई येऊन आरोग्याच्या चार गोष्टी सांगून जातात. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या त्या जुन्या मोटारीवर बोला." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोटारीवर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "गल्लीतल्या प्रत्येकीला तुम्हाला काही ना काही विचारायचे आहे. सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाका." तेव्हा मी भाषण करायला नव्हे, उत्तरे द्यायला उभी आहे असे समजा.

प्रश्न मला तोंडपाठ झाले आहेत. पहिला प्रश्न, हप्त्याने नवी मोटार मिळत असताना चाळीस वर्षांच्या खटाऱ्यावर पैसे कशाला घातले? दुसरा, तेवढ्या पैशांत मुलीसाठी सोने झाले नसते का? तिसरा माझ्या पाठीमागे विचारला जातो, पण तोही कानावर येतोच: नवऱ्याला वेड लागले ते लागले, ही बाई त्यात कशी सामील झाली? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्या कुणाच्या घरी असे घडते तर मीही हेच विचारले असते.

आपल्यापैकी बऱ्याच जणी माझ्यासारख्याच लग्न होऊन कुर्ल्यात आलेल्या. म्हणून आधी थोडी जुनी हकीकत सांगते. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांचे नाव आपण ऐकलेले असते. आगबोटी, विमाने आणि मोटारी ह्या तिन्ही गोष्टी आपल्या देशात व्हाव्यात असा ध्यास घेतलेला तो माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना आपल्या कुर्ल्यात, आग्रा रोडवर उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट मोटारी इथे तयार होऊ लागल्या. त्यातली पहिली 'अकराशे' अंगाने गोल होती आणि तिची पुढची दारे उलटी उघडत. तिला मुंबईकरांनी नाव ठेवले डुक्कर फियाट. दिसायला तशी, पण लोकांनी प्रेमानेच ठेवलेले नाव ते.

त्यानंतर १९६४ पासून चौकोनी अंगाची फियाट निघू लागली. मूळची ही गाडी इटलीत १९६२ साली निघाली आणि चार वर्षांत तिथे तिच्या जागी दुसरी आलीसुद्धा. आपल्याकडे मात्र तीच गाडी पस्तीस-छत्तीस वर्षे निघत राहिली. १९७० नंतरच्या दशकात तिचे फियाट हे नाव जाऊन आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असे नाव झाले. चितोडच्या राणीचे नाव. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. आमच्या सासूबाई म्हणतात, "नाव राणीचे आणि काम सुनेचे! पहाटे उठवा, दुपारी राबवा, मध्यरात्री हाक मारा, चार ओझी जास्त टाका. कुरकुर करील, पण बसून राहणार नाही."

त्या काळी गाडी मिळणे म्हणजे काय होते ते आजच्या मुलांना खरे वाटत नाही. वर्षाला किती मोटारी काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे पैसे भरून नाव नोंदवले तरी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या मामंजींचे औषधांचे लहानसे दुकान. त्यांनी १९७५ साली नाव नोंदवले. त्याच वर्षी ह्यांचा जन्म झाला. गाडी दारात आली १९८१ साली, तेव्हा हे पहिलीत जात होते! जिथे गाडी तयार झाली तो कारखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि ती दारात यायला सहा वर्षे लागली.

पैसे कसे उभे राहिले तेही सांगते. काही साठवलेले, काही दुकानाच्या नावावर कर्जाऊ घेतलेले, आणि तरीही कमी पडले तेव्हा सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. गाडीच्या कागदांवर मालकाच्या रकान्यात मामंजींचे नाव आहे. पाटल्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत.

ह्यावरून मला एका मोठ्या घरातली गोष्ट आठवते. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती. घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी १९६४ साली फियाट घ्यायचे ठरवले. किंमत बारा हजार आणि गाठीला सात हजार. देशाच्या पंतप्रधानाने उरलेल्या पाच हजारांसाठी बँकेचे कर्ज काढले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यासमोरचा आग्रा रोड पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झाला, हा तर योगायोगच म्हणायचा. कारखाना आता नाही. त्या जागी उंच इमारती आहेत. पण फियाटची किंमत चुकवणाऱ्या एका बाईचे नाव इतिहासात राहिले. बाकीच्या किती घरांत किती पाटल्या गेल्या असतील, त्यांची नावे कोण सांगणार?

आता आमच्या गाडीने काय काम केले ते ऐका. ह्या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान चार जणी बाळंतपणाला ह्याच गाडीतून गेल्या आहेत. नावे घेत नाही, त्या हसताहेत तेवढ्यावरून कळतेच आहे. पुढची बैठक सलग बाकासारखी, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूला. त्यामुळे पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर दोन मुले अशी नऊ माणसे पंढरपूरला जाऊन आली आहेत. चाळीत कुणाला रात्री छातीत कळ आली की मामंजी सदरा अडकवत खाली उतरायचे. मामंजी गाडीचे मालक होते खरे, पण गाडी साऱ्या चाळीची होती.

२६ जुलै २००५ चा दिवस कुर्लेकरांना सांगायला नको. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्तीत शिरली आणि आमची गाडी बैठकीपर्यंत पाण्यात उभी राहिली. मामंजींनी चिखल उपसून ती पुन्हा सुरू केली. पण पाणी एकदा पत्र्याच्या सांध्यांत शिरले की ते आतून काम करीत राहते. दहा-बारा वर्षांत खालची जमीन इतकी कुजली, की पायाखालचे रबर उचलले तर रस्ता दिसायचा. २०१८ साली मामंजी गेले. तेराव्यानंतर आठवड्याभरात भंगारवाला दारात उभा. अठरा हजार देईन म्हणाला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. हे मला म्हणाले, "दुरुस्त करू या का?" मी म्हटले, "करू या. पण वही माझ्या हातात राहील."

माझ्या अटी तीन होत्या. एकही दागिना गहाण टाकायचा नाही आणि कर्ज काढायचे नाही. एका गाडीला एकदा पाटल्या वाहिल्या, तेवढे पुरे झाले. मुलांच्या फीचा डबा वेगळा, त्याला हात लागणार नाही. आणि काम थांबले तरी चालेल, पण हातात पैसे आल्याशिवाय पुढचे काम सुरू करायचे नाही. ह्यांनी तिन्ही अटी मान्य केल्या. दर महिन्याला दुकानातून चार हजार बाजूला काढायचे ठरले.

मग मिस्त्रीचा शोध सुरू झाला. नव्या गाड्यांच्या कारखान्यांत कुणी ह्या गाडीला हात लावीना. संगणकाची तार जोडायला हिच्यात जागाच नाही! शेवटी सत्तरीच्या घरातले एक चाचा भेटले. सारा जन्म टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनी दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाले, "भाभी, ये गाडी खुद बताती है किधर दुखता है." खरेच तसे आहे. चोक ओढूनही इंजिन लवकर पकडत नसेल तर आधी पॉइंट आणि कार्बोरेटर पाहायचा. निळसर धूर निघाला तर तेल जळते आहे, म्हणजे रिंगा गेल्या. सगळे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. शिवणयंत्र ज्या बाईने उघडून तेल घातले आहे, तिला हे समजायला कठीण नाही.

सुटे भाग गोळा करणे हे एक वेगळेच प्रकरण. आपल्याच सीएसटी रोडवरची जुन्या सामानाची दुकाने, ऑपेरा हाऊसकडचा बाजार, कधी चोरबाजार. ह्यांच्या हातात यादी आणि माझ्या हातात पिशवी. कांदे-बटाटे निवडून घेण्याची सवय इथे उपयोगी पडली. दिव्याची काच असो की दाराची मूठ, मी उलटी-पालटी करून, नख लावून पाहिल्याशिवाय घेतली नाही.

पत्र्याच्या कामात मात्र आम्हाला एक जण फसवायला निघाला होता. त्याचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. कुजका पत्रा कापून नवा जोडायचे ठरले होते. त्याने वरवर घासून लांबी भरली आणि रंगाचा हात मारला. दिसायला आरसा! चाचांनी मला आधीच एक युक्ती सांगून ठेवली होती. फ्रिजच्या दाराला आपण यादी लावायला लोहचुंबक वापरतो ना, तेच मी पदराला बांधून नेले होते. खऱ्या पत्र्याला ते चटकन चिकटते, जाड लांबीवर घसरून पडते. दाराच्या खालच्या कडेला तीन ठिकाणी ते पडले. मी त्या माणसाला एवढेच म्हटले, "भाऊ, पीठ लावून भोक बुजवलेल्या पातेल्यात दूध तापत नाही." काम काढून घेतले आणि दुसऱ्याकडे दिले. त्याने आमच्या समोर पत्रा कापला, वेल्डिंग केले, गंज मारण्याचे औषध लावले आणि मगच रंग दिला.

बैठकांचे काम माझे. कुशनवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा मी म्हटले, शिवण शिकवा, मजुरी वाचवते. तो हसला, पण शिकवले त्याने. जुने कव्हर फाडून टाकायचे नाही, टाके उसवून सोडवायचे. त्याचे तुकडे हेच आपले कापाचे नमुने. रेक्झिनला जाड सुई आणि नायलॉनचा दोरा लागतो. टाका मोठा ठेवायचा, कारण बारीक टाक्याने रेक्झिन तिकिटासारखे फाटते. आणि एकदा सुई चुकली की भोक राहते. कापडासारखे उसवून पुन्हा शिवता येत नाही. कडेला जी गोलसर पट्टी असते तिला ते लोक पायपिंग म्हणतात. आपण दुपट्याला गोट लावतो तेच ते. २०२० च्या टाळेबंदीत सगळी कामे बंद होती, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात तीन महिने शिवणकाम चालले होते. सासूबाई शेजारी बसून स्प्रिंगांवर घालायचा काथ्या पिंजून देत. त्या वेळी त्यांनी पाटल्यांची हकीकत मला पहिल्यांदा पूर्ण सांगितली. त्यांची आई वारण्याआधी त्यांच्या हातात घालून गेली होती, हे मला त्या दिवशी कळले. ह्यांनाही माहीत नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे पैशांचे. वही मी सोबत आणली आहे, कुणालाही पाहता येईल. पत्रा आणि रंग ६८,००० रुपये. इंजिनाचे काम ४१,०००. ब्रेक, टायर आणि वायरिंग ३६,०००. काचांची रबरे आणि बंपरला क्रोम ११,०००. बैठकांचे फक्त सामान ८,०००. एकूण १,६४,०००. त्यात दुकानातून छत्तीस महिने चार हजारांप्रमाणे १,४४,००० आले आणि उरलेले वीस हजार माझ्या शिवणाच्या आणि दिवाळीच्या फराळाच्या कामाचे. २०२१ च्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, तेव्हा आमच्यावर एका पैशाचे कर्ज नव्हते. सोने झाले असते का? झाले असते. पण हिशेब पुरता मांडायचा तर हेही मांडले पाहिजे, की एके काळी सोने मोडून ही गाडी आली होती. ती अठरा हजारांत तोडायला देणे म्हणजे सासूबाईंच्या पाटल्या भंगाराच्या भावाने विकणे झाले असते.

आता तिसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे वेडाविषयी. हे वेड आम्हाला एकट्यांनाच आहे असे नाही. अधूनमधून रविवारी सकाळी अशा गाड्यांचे लोक एकत्र जमतात. मीही जाते. राजेरजवाड्यांच्या मोठ्या मोटारी जपणारे लोक निराळे, त्यांचेही कौतुकच आहे. पण त्या मोटारींना पहिल्या दिवसापासून नोकर-चाकर होते, बांधीव जागा होती. आपल्यासारख्यांच्या गाड्या कुणी जपण्यासाठी घेतल्याच नव्हत्या. त्या वापरायला घेतल्या आणि झिजवून टाकल्या. गोष्ट जितकी घरोघरची, तितकी ती लवकर नाहीशी होते. एके काळी घरोघरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. आज शोधायला गेले तर किती घरांत सापडेल?

तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर डुक्कर फियाट घेऊन येतात. एक शिक्षिका वडिलांची मारुती आठशे स्वतः चालवत येतात. मी पाहते, ह्यांतले कुणी गाडीच्या वेगाविषयी किंवा किमतीविषयी फारसे बोलत नाही. "आईला ह्यातूनच दवाखान्यात नेले होते." "ताईची पाठवणी ह्यातून झाली." "दादा ह्याच्यावर गाडी शिकला आणि हा खांब तेव्हा वाकला." असे बोलणे चालते. त्या शिक्षिकाबाईंनी वडिलांच्या हाताने झिजलेले स्टिअरिंग बदललेले नाही. बाकी सारे नवे केले, तेवढे तसेच ठेवले.

मारुतीवरून सांगते. देशातली पहिली मारुती आठशे १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग ह्यांना मिळाली. किल्ली इंदिरा गांधींच्या हातून मिळाली होती. त्यांनी ती गाडी जन्मभर विकली नाही. २०१० साली ते गेले आणि ती गाडी त्यांच्या दाराशी गंजत उभी राहिली. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कचेरीत मांडली. देशातली पहिली गाडी, म्हणून तिचे नशीब उघडले. दुसरी, तिसरी आणि लाखावी गाडी वाचवायची तर ते घरच्यांनाच केले पाहिजे.

म्हणून मी सामील झाले. घरातल्या कष्टांची नोंद आपण कुठे ठेवत नाही. आपल्या सासवांनी काय खाल्ले, काय सोडले, काय विकले, ह्याची वही नसते. एखाद्या वस्तूत ते सारे मुरलेले असते, आणि ती वस्तू गेली की विचारणारेही कुणी उरत नाही. गाडी उघडली नसती तर काथ्या पिंजायला आम्ही दोघी शेजारी बसलो नसतो, आणि मला पाटल्या कुणाच्या ते कळले नसते.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या चार जणी माझ्या नावाने खडे फोडतील. जुनी गाडी रोजच्या वापराची नाही. तिच्यात अपघातात वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहीत, नव्या गाड्यांसारखे ब्रेक नाहीत, आणि नव्या गाडीपेक्षा तिचा धूर जास्त. आम्ही पट्टे बसवून घेतले आहेत आणि सणावारी, रविवारीच ती बाहेर काढतो. पावसाळ्यात तर नाहीच. रोजच्या कामाला लोकल आणि बस आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते, ते जुने रबर खाते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्याव्या लागतात आणि वरचेवर तपासाव्या लागतात. सरकारी खर्चही वाढतो आहे. पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. तिची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी २०२५ साली १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मी त्यासाठी डब्यात महिन्याला दोनशे रुपये टाकते. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी गाडी मोडीत द्यावी, त्यात काही कमीपणा नाही. मुलांचे दूध कमी करून लोखंडाला तेल पाजू नये.

आणखी एक चिंता मला वाटते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. चाचांचे गिऱ्हाईक त्याच्या आधीच संपत आले होते. त्यांच्या हाताखालचा मुलगा मोटारसायकलच्या दुकानात गेला. आता कार्बोरेटर कानाने जुळवणारा माणूस आमच्या माहितीत एकच, आणि त्याच्या डोळ्यांना मोतीबिंदू. आमचा थोरला रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसतो, हात काळे करून येतो. कॉलेजचा अभ्यास सांभाळून जातो, म्हणून मी अडवत नाही. डिग्री त्याला कॉलेज देईल, पण हे कसब चाचांनंतर कोण देणार?

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. प्रत्येकीच्या घरी फियाट नसेल. पण शिवणयंत्र असेल, पितळी स्टोव्ह असेल, रेडिओ असेल, सायकल असेल. ती मोडीत देण्याआधी एक दिवस थांबा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा आणि विचारा, ही वस्तू कोणत्या वर्षी आली, पैसे कुठून आले, कुणी काय सोडले. जे सांगतील ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. मग वस्तू ठेवायची की द्यायची ते खुशाल ठरवा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा हकीकती छापायच्या असे मंडळाने ठरवले, तर आपल्या वस्तीचा इतिहास आपोआप तयार होईल. पहिली हकीकत मी दिली आहे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर, खर्चाच्या आधी, जमेच्या बाजूला मी लिहिले आहे: "१९८१, सासूबाईंच्या दोन पाटल्या."